आदिवासी स्त्रियांचे प्रजनन-आरोग्य
मासिक पाळी, गर्भधारणा, प्रसूती, गर्भपात, वंध्यत्व आणि जननमार्गाचे रोग यांच्याशी निगडित असलेल्या स्त्रीच्या आरोग्याचा विचार या संज्ञेत होतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सु. १ कोटी ५ लाख होती. विदर्भात गोंड, माडिया, कोलाम, कोरकू इ. जमाती प्रमुख आहेत.

स्त्रीरोग : ग्रामीण आरोग्यसेवेचा भर दीर्घकाळ प्रसूती व कुटुंबनियोजन यांवर होता, गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या विकारांची मोजदाद क्वचितच होई. राणी बंग, अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये द लॅन्सेट  या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे सर्वेक्षण केवळ आदिवासींचे नव्हते. तथापि त्या प्रदेशातील स्त्रियांची स्थिती त्यातून प्रथमच स्पष्ट झाली. ९२% स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. तक्रार मात्र ५५% स्त्रियांचीच होती आणि पूर्वी तपासणी व उपचार केवळ ८% स्त्रियांना मिळाले होते. निम्मे विकार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. तक्रार नसणे म्हणजे रोग नसणे नव्हे, हे यावरून सिद्ध झाले.

पाळीविषयक रूढी : गडचिरोलीतील माडिया व गोंड समाजांत पाळीच्या काळात स्त्रीने गावालगतच्या ‘कुर्मा’ नामक झोपडीत राहण्याची प्रथा आहे. या दिवसांत तिला घरकामापासून विश्रांती मिळते. परंतु पाणी, प्रकाश व शौचालय यांचा अभाव, थंडी आणि सर्पदंशाचे भय यांमुळे हा निवास धोक्याचा ठरतो. अतिरक्तस्राव झाल्यास मदतही उशिरा पोहोचते. अलीकडे काही गावांत झोपड्यांऐवजी पक्क्या इमारती बांधण्यात आल्या आहेत. त्यांमुळे धोका कमी होतो. विटाळाची कल्पना मात्र तशीच राहते.

पांडुरोग : अपुरा आहार, वारंवारची बाळंतपणे व हिवताप यांमुळे रक्तक्षय बळावतो. त्यातच विदर्भातील अनेक जमातींत सिकल-सेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. विकारग्रस्त गर्भवतीस तीव्र वेदना, जंतुसंसर्ग व गर्भपात यांचा धोका अधिक असतो. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५% असते; म्हणून विवाहपूर्व व गर्भारपणातील रक्ततपासणी महत्त्वाची ठरते. या रोगाच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले.

उपचारसेवा : नागपुरातील गांधीबागेत डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय आहे, परंतु भामरागडसारख्या तालुक्यापासून नागपूर ३०० किमी.हून दूर पडते. पावसाळ्यात नद्यांच्या पुराने तेथील वाट कित्येकदा बंद होते. अंतराइतकाच भाषेचाही अडसर असतो : माडिया बोलणाऱ्या स्त्रीला परक्या पुरुष डॉक्टरपुढे ‘अंगावरून जाण्याची’ तक्रार मांडणे अवघड जाते. यास्तव गावातील प्रशिक्षित स्त्री आरोग्यसेविकेने तिच्याच बोलीत विचारपूस करणे आणि स्त्रीरोगांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमितपणे होणे, या दोन गोष्टी सर्वांत उपयुक्त ठरतात.