नाणेघाट : सातवाहनांची वाट

ख्रिसमसच्या सुट्टीची तिकिटे बहुतेक घरांतून काढून झाली असतील. लग्नकार्ये, नातेवाईक आणि खरेदी यांतून दोन दिवस काढता आले तर मुलांना नाणेघाट दाखवा, असे आम्ही आग्रहाने सुचवू.

आपले आल्मेरे ज्या जमिनीवर उभे आहे ती १९६८ साली कोरडी झाली, आणि पहिले रहिवासी आले १९७६ मध्ये. इथे वाढणाऱ्या मुलांना 'जुने' म्हणजे काय हे सांगणे कठीणच. नाणेघाटाची वाट दोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि आजही पायी चढता येते.

सोपारा, कल्याण या बंदरांतला माल सह्याद्री चढून जुन्नरला आणि तिथून सातवाहनांच्या पैठणला जाई तो या वाटेने. वर पैठण आणि तेर इथला माल बंदराकडे येई. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तकात पैठण, तेर आणि कल्याण तिन्ही नावे आहेत. रोमन मद्याच्या कुंभांचे तुकडे जुन्नर-तेर भागात सापडले, तर आपल्याकडची हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई येथे निघाली. त्याच रोमन साम्राज्याची उत्तर सीमा ऱ्हाईनच्या जुन्या प्रवाहाकाठाने उत्रेख्तवरून जात होती. २०२१ पासून ती जागतिक वारसा आहे. डे मेर्नचा रोमन किल्ला मुलांना आधी दाखवून ठेवलात, तर घाटात गोष्ट सांगायला सोपे जाईल.

घाटमाथ्याजवळच्या खिंडीत एक लेणे आहे. आत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा शिलालेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा यांचा तो हिशेबच म्हणा ना : गाई, घोडे, हत्ती, आणि एका ठिकाणी २४,४०० कार्षापण! हे सगळे आकड्यांत कोरलेले आहे. शून्य नाही, दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हे आहेत. शाळेत ज्यांना 'अरबी आकडे' म्हणतात त्यांच्या पूर्वजांपैकी काही इथे भिंतीवर आहेत, हे कळल्यावर आमची मुले लेण्यातून निघायलाच तयार नव्हती.

समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील आठ पुतळे होते. वर नावे आहेत. पुतळे गेले, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. काही हौशी मंडळी लेण्यात मुक्काम करतात, चुली पेटवतात. ते आम्हाला मुळीच पटत नाही.

माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे लोक सांगतात.

आजी-आजोबा बरोबर असतील तर जुन्नरहून घाटघरमार्गे गाडीने जावे, सुमारे ३० किलोमीटर. खिंडीत थोड्याच पायऱ्या उतराव्या लागतात. धडधाकट मंडळींनी कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या वैशाखरे गावापासून दगडी वाटेने चढावे. मुले बरोबर असतील तर दोन-तीन तास धरा. आपली इथली उन्हाळी सुट्टी म्हणजे तिथला भर पावसाळा : धबधबे सुंदर, पण दगड निसरडे, धुके दाट आणि शनिवार-रविवारी गर्दी फार. म्हणून डिसेंबरच बरा. पाणी आणि डबा बरोबर ठेवा, आणि शिवनेरी व लेण्याद्रीसाठी जुन्नरला एक रात्र राहा.