ताज्या अंड्याचा हट्ट

गेल्या मे महिन्यात गावाहून निघताना आत्याने भुसा भरलेल्या डब्यात डझनभर गावठी अंडी दिली. "कालची नि आजची आहेत गं, जपून ने," असं दोनदा बजावलं. दुसऱ्याच दिवशी घरी चार माणसं जेवायला होती, म्हणून अंडाकरीचा घाट घातला. वाटण झालं, रस्सा उकळला आणि अंडी सोलायला घेतली. पहिल्या अंड्याचं टरफल निघालं ते पांढऱ्याचा लचका घेऊनच. दुसऱ्याची तीच गत. सहावं हातावेगळं होईपर्यंत ताटलीत देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले गोळे जमले होते. शेवटी सगळे कुस्करून रश्श्यात सोडले आणि पाहुण्यांना 'अंड्याचा खिमा' असं सांगितलं.

त्याच आठवड्यात स्टेशनबाहेरच्या गाडीवर उभी होते. गाडीवाल्याने पातेल्यातलं अंडं पळीने काढून पाण्याच्या डब्यात टाकलं. थोड्या वेळाने उचललं, बोथट टोक पत्र्यावर ठक्कन आपटलं, मग तळहाताखाली धरून पत्र्यावर एकदाच गोल फिरवलं. टरफलाला बारीक तड्यांची जाळी पडली. बोथट टोकाशी अंगठा घातला आणि टरफलाची सबंध माळच पापुद्र्यासकट उतरली. दोऱ्याने चार फाका, वर कांदा, मीठ, तिखट. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल.

"दादा, अंडी कुठली हो?"

"दुकानातलीच, ट्रेमधली. ताजी घेऊन काय करू ताई? सोलेपर्यंत गिऱ्हाईक पळून जाईल."

माझं चुकलं होतं ते इथे. बाकी सगळ्या पदार्थांत ताजेपणा हा गुण असतो. उकडायच्या अंड्यात तो आडवा येतो.

अंड्याचं कवच हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे खडूच्या जातीचं. ते दिसायला घट्ट बंद असलं तरी त्याला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. ही सोय अर्थातच आपल्यासाठी नाही. फलित अंडं उबवलं तर २१ दिवस आत वाढणाऱ्या पिल्लाला श्वास घेता यावा, प्राणवायू आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा, म्हणून ती छिद्रं. कवचाच्या आत दोन पातळ पापुद्रे असतात. कोंबडीच्या पोटात अंडं साधारण ४१ अंश सेल्सिअसला असतं. बाहेर पडून गार झालं की आतला ऐवज आकसतो आणि बोथट टोकाशी हे दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटून मध्ये हवेची पोकळी तयार होते. गाडीवाल्याचा अंगठा बरोब्बर याच पोकळीत शिरला होता.

आता पांढऱ्याकडे वळू. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. म्हणूनच ताजं अंडं फोडलं तर पांढरं किंचित गढूळ, दुधाळ दिसतं. जुन्या अंड्याचं पांढरं अगदी नितळ. दिवस जातील तसा हा वायू छिद्रांतून निघून जातो आणि पांढऱ्याचा सामू, म्हणजे पीएच, वाढत जातो. सुरुवातीला तो ७.६च्या आसपास असतो, तो काही दिवसांत ९च्या पुढे सरकतो. खाण्याच्या पदार्थांत इतका अल्कधर्मी पदार्थ क्वचितच सापडेल. सामू कमी असेपर्यंत शिजलेलं पांढरं आतल्या पापुद्र्याला इतकं घट्ट धरून बसतं की ओढल्यावर पापुद्रा सुटायच्या ऐवजी पांढरंच फाटतं. सामू साधारण पावणेनऊच्या वर गेला की ही पकड सैल होते. आत्याची अंडी नको तितकी ताजी होती. चार-पाच दिवस बाहेर राहिली असती तर निमूट सुटली असती. फ्रिजमध्ये हेच काम होतं, पण सावकाश.

शहरात ही अडचण तशी कमी येते. मुंबईत विकली जाणारी बरीचशी अंडी तेलंगण, कर्नाटकाकडून ट्रकने येतात. घाऊक बाजार, मग वाण्याचं दुकान, मग आपला फ्रिज. तोवर त्यांचं वय आपोआपच झालेलं असतं. जुन्या काळी अंडी टिकवण्यासाठी चुन्याच्या पाण्यात ठेवत. चुन्याने छिद्रं बुजतात आणि वायू आतच कोंडतो. टिकण्याच्या दृष्टीने हे उत्तम, सोलण्याच्या दृष्टीने उलटं. परदेशात काही ठिकाणी धुतलेल्या अंड्यांना खनिज तेलाचा पातळ हात देतात, त्याचाही परिणाम हाच.

पण समजा, दुकानातलीच अंडी आहेत आणि तरीही चिकटतात. मग दोष अंड्याचा नाही, गॅसवरच्या पहिल्या मिनिटाचा. आपल्याकडे सर्रास काय करतात? पातेल्यात अंडी ठेवायची, वर गार पाणी ओतायचं आणि गॅस लावायचा. अंड्याला तडा जाऊ नये हा हेतू. पण त्यामुळे पांढरं अगदी हळूहळू तापतं. त्यातली काही प्रथिनं साठ-पासष्ट अंशांच्या आसपासच घट्ट होऊ लागतात, आणि पांढऱ्यातल्या प्रथिनांत निम्म्याहून जास्त असलेलं ओव्हाल्ब्युमिन ऐंशीच्या वर. हा प्रवास रमतगमत झाला तर घट्ट होता होता प्रथिनांना पापुद्र्याशी सोयरीक जुळवायला भरपूर सवड मिळते. तेच अंडं एकदम उकळत्या पाण्यात सोडलं तर बाहेरचा थर झटक्यात आवळतो, प्रथिनं आपापसांतच गुंततात आणि पापुद्र्यापासून आत ओढली जातात.

अमेरिकेतले पाककलालेखक जे. केंजी लोपेझ-आल्ट यांनी २०१९ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'साठी शेकडो अंडी उकडली आणि स्वयंसेवकांकडून सोलून घेतली. कुठलं अंडं कसं शिजवलंय हे सोलणाऱ्यांना माहीत नव्हतं. निष्कर्ष हाच निघाला की सुरुवात कडक आचेने करा, उकळत्या पाण्याने किंवा वाफेने. बाकीच्या युक्त्यांचा फरक त्यापुढे किरकोळ.

वाफ तर मला जास्तच आवडली. इडलीपात्रात तळाला पाणी उकळू द्यायचं, वाफ भरली की अंडी आत ठेवून झाकण लावायचं. उकळत्या पाण्यात अंडी एकमेकांवर आपटतात, तसं इथे होत नाही, त्यामुळे तडेही कमी. (मोदकपात्रातही उत्तम होतात. पण हा प्रयोग आईच्या देखत करू नये.) आपल्याकडच्या मध्यम अंड्याला बलक पुरता घट्ट व्हायला ११ ते १२ मिनिटं पुरतात.

"नीट सुटत नाहीत, आणखी पाच मिनिटं उकळू दे" हा गैरसमज मात्र सोडायला हवा. जास्त उकळल्याने टरफल सुटत नाही. उलट पांढऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो, तो बलकातल्या लोहाला भेटतो आणि बलकाभोवती हिरवट-करडं कडं तयार होतं. खायला ते निरुपद्रवी, पण वास आणि रबरासारखं पांढरं जेवणाची मजा घालवतं. वेळ झाली की अंडी लगेच गार पाण्यात टाकायची ती मुख्यतः यासाठी, आतलं शिजणं थांबावं म्हणून. आतला ऐवज गार होऊन जरा आकसतो, तो फायदा वर.

आता घरगुती तोडगे. पाण्यात मीठ घातल्याने सोलणं सोपं होत नाही. अंड्याला तडा गेलाच तर बाहेर येणारं पांढरं जागच्या जागी गोठायला त्याची थोडी मदत होते. व्हिनेगर कवच विरघळवतं खरं, पण दहा-बारा मिनिटांत जेमतेम वरचा पृष्ठभाग. खायच्या सोड्यामागचा तर्क बरोबर आहे, सामू वाढवण्याचाच. पण पाण्यातला सोडा कवच आणि पापुद्रे ओलांडून पांढऱ्यापर्यंत कितीसा पोचणार? शिवाय गंधकाचा वास वाढतो. मी तिन्ही करून पाहिले आणि तिन्ही सोडून दिले.

सोलण्याची रीत मात्र गाडीवाल्याचीच. बोथट टोक आधी, मग सगळीकडे बारीक तडे, आणि अंगठा टरफलाखाली नव्हे तर पापुद्र्याखाली. पापुद्रा हाती लागला की टरफल आपोआप त्याच्यामागे येतं. नळाच्या बारीक धारेखाली धरलं तर पाणी पापुद्र्याखाली शिरून उरलंसुरलंही सोडवतं.

रविवारी अंडाकरी करायची असेल तर अंडी बुधवारीच आणून ठेवा आणि पाणी खळखळ उकळल्याशिवाय त्यांना हात लावू नका. आणि गावाहून कुणी कालची अंडी दिली, तर त्यांचं त्याच दिवशी ऑम्लेट करा.