कोंडा जात नाही? एकदा नखेही पाहा

कपाळावर केसांच्या कडेला, कानांमागे आणि नाकाच्या बाजूंना तेलकट, पिवळट-तपकिरी, खरखरीत पुटकुळ्या उठतात. बहुधा वयात येण्याच्या सुमारास हा त्रास सुरू होतो. उन्हाळ्यात, घामाने तो वाढतो. खाज सुटते, कधी वासही येतो. घरचे म्हणतात कोंडा, शेजारी म्हणतात गजकर्ण, आणि मुलाला ऐकावे लागते, ‘नीट आंघोळ करत जा.’ शाम्पू आणि मलमे बदलूनही फरक पडत नसेल, तर ‘डॅरियर’ या दुर्मीळ आजाराचा विचार करायला हवा.

पॅरिसचे दारिए आणि बोस्टनचे व्हाइट या डॉक्टरांनी १८८९ मध्ये स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. मूळ दोष मात्र १९९९ मध्ये सापडला. तो एका जनुकात असतो. त्यामुळे पेशींमधील कॅल्शियमचा पंप नीट चालत नाही. मग त्वचेच्या पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि त्यांच्यात केराटिन अवेळी तयार होते. म्हणजेच हा आजार अस्वच्छतेने होत नाही आणि शिवल्याने पसरत नाही. आई-वडिलांपैकी एकाला असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. कधी घरात कोणालाच नसतानाही तो उद्भवतो.

निदानाचा धागा अनेकदा हातांवर सापडतो. नखांवर लाल-पांढऱ्या उभ्या रेषा आणि टोकाला ‘व्ही’ आकाराची खाच दिसते. खात्री बायॉप्सीने होते.

आजार मुळातून जात नाही, पण आटोक्यात राहतो. सैल सुती कपडे, उन्हापासून बचाव आणि त्वचा मऊ ठेवणारी मलमे उपयोगी पडतात. त्रास जास्त असल्यास डॉक्टर रेटिनॉइडच्या गोळ्या देतात. त्या गरोदरपणात गर्भाला घातक ठरतात. त्यांपैकी अॅसिट्रेटिन थांबवल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे मलम चेहऱ्याला महिनोन्महिने लावू नये. त्याने त्वचा पातळ होते.

ताप येऊन चेहऱ्यावर अचानक दुखणारे फोड किंवा जखमा उठल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तो नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि त्यावर तातडीने औषध लागते.

एरवी या मुलांना वेगळा टॉवेल लागत नाही, की वर्गात वेगळा बाकही.