एंजिनाचा श्वास आणि नळीची लांबी

सोनाळ्याच्या उत्तरेला लगेच सातपुडा सुरू होतो. शेतमालाचे ओझे लादलेली मोटारसायकल तिकडच्या चढाला लागली, की चालक खालचा गिअर टाकतो. एंजिन सावकाश फिरत असतानाच त्याच्यात जास्त ओढ, म्हणजे टॉर्क, असती तर? नुसते पेट्रोल वाढवून हे साधत नाही. पेट्रोल जळायला हवा लागते, आणि ती किती आत शिरेल हे पुष्कळसे एका साध्या नळीच्या लांबीवर ठरते.

सिलिंडरपर्यंत हवा नेणारी ही नळी. सिलिंडर अनेक असले की नळ्यांचा जुडगा होतो. त्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. झडप उघडते, दट्ट्या खाली सरकतो, हवा आत ओढली जाते. पुस्तकातल्या आकृतीत हवा अशी निमूटपणे आत जाते खरी, परंतु प्रत्यक्षात ती स्प्रिंगसारखी वागते! दट्ट्याच्या ओढीमुळे झडपेपाशी दाब एकदम उतरतो. कमी दाबाची ही लहर ध्वनीच्या वेगाने नळीच्या बाहेरच्या तोंडाकडे धावते. उघड्या तोंडाशी तिचे परावर्तन होते, आणि गंमत अशी की परतताना ती जास्त दाबाची होऊन येते. झडप मिटण्याच्या बेतात असताना ती पोचली, तर आणखी थोडी हवा सिलिंडरात कोंबली जाते. उशीर झाला, तर दार बंद.

आता हिशोब करू. 30 अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 350 मीटर असतो. एंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला 20 मिलिसेकंद लागतात. लहरीने पाव फेऱ्यात, म्हणजे 5 मिलिसेकंदांत, जाऊन परत यावे असे धरू. तेवढ्या वेळात ती 1.75 मीटर अंतर कापते. म्हणजे नळी त्याच्या निम्मी, सुमारे 87 सेंटिमीटर हवी. फेरे 6000 झाले की वेळ निम्मा, म्हणून नळीही निम्मी, 44 सेंटिमीटर. झडपांच्या वेळा एंजिनागणिक वेगळ्या असल्याने हे आकडे ढोबळच समजावेत.

पंचाईत इथेच आहे. चढाला लांब नळी हवी, सपाट रस्त्यावर भरधाव जायला आखूड. आणि गाडी तर एकच!

अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने 1960 मध्ये आपल्या 300-एफ या मोटारीला सुमारे 76 सेंटिमीटर लांबीच्या नळ्या बसवल्या. ओढ मधल्या वेगाला वाढली. शर्यतीच्या वेगासाठी याच नळ्यांच्या आतली भिंत अर्ध्यापर्यंत काढलेला दुसरा प्रकार होता. बाहेरून लांबी तीच दिसे, पण लहरीच्या लेखी नळी निम्मी. युक्ती झकास खरी, परंतु दोन्हींपैकी एकाचीच निवड करावी लागे.

पुढे नळीतच झाकण बसवून चालत्या गाडीत लांब किंवा आखूड वाट उघडण्याची सोय आली. माझदा कंपनीची 787-बी ही मोटार 1991 साली फ्रान्समधील ल मां येथील 24 तासांची शर्यत जिंकली, तिच्या नळ्या एंजिनाच्या वेगानुसार दुर्बिणीसारख्या लांब-आखूड होत. 2001 मध्ये बीएमडब्ल्यूने सलग लांबी बदलणारी रचना रस्त्यावरच्या मोटारीत आणली.

मोटारसायकलीत एवढा पसारा मावणार कुठे? पुण्याच्या बजाज ऑटोने वेगळी वाट धरली. तिच्या काही मोटारसायकलींत, एंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीला सायलेन्सरच्या आधी एक छोटी डबी जोडलेली दिसते. 'एक्झॉस्टेक' हे तिचे नाव. बाहेर पडणाऱ्या वायूच्या दाबलहरी तिच्यात शिरतात व परततात, आणि त्यांचा मेळ असा जमवलेला असतो की कमी फेऱ्यांना ओढ वाढावी. लहरींचे तत्त्व तेच, फक्त बाजू बदलली.

काही हौशी मंडळी 'पिकअप' वाढावा म्हणून हवेच्या गाळणीची पेटीच काढून टाकतात. आवाज वाढतो, त्यामुळे जोर वाढल्यासारखा वाटतो. परंतु ती पेटी आणि तिची नळी हाही या हिशोबाचाच भाग असतो. मंद वेगाची ओढ बहुधा घटते, आणि उन्हाळ्यातली धूळ थेट सिलिंडरात जाऊन दट्ट्याच्या कड्या झिजवते.

घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग आहे. पाण्याच्या जुन्या पाइपाचे 87 आणि 44 सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या. एका तोंडावर रबरी चपलेने थाप मारा. आखूड तुकड्याचा स्वर जवळजवळ एक सप्तक वरचा ऐकू येईल. शाळेत पेटी असेल तर तिच्यावर ताडून पाहा.