मोटारीची डबी आणि मिस्त्रीचा कान



कामगार चळवळीतल्या माणसाने मोटारीच्या संगणकावर बोलावे हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. माझी शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते कारखान्याच्या दारात आणि गॅरेजात. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. कार्बुरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवायचे, मान कलती करून इंजिन ऐकायचे आणि म्हणायचे, "आता बसलं." पुढे पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली, तो स्क्रू गेला आणि त्याच्या जागी एक बंद डबी आली. मिस्त्री म्हणाले, "इंजिन आता माझ्याशी बोलत नाही, त्या डबीशी बोलतं." स्पर्धेच्या गाड्या तयार करणारा त्यांचा मुलगा मात्र त्या डबीशी बोलतो. त्याच्या शेजारी बसून मी जे शिकलो, ते आज सांगणार आहे.

ही कल्पना काही कालची नव्हे. बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणा १९६७ साली फोक्सवॅगनच्या १६०० गाडीवर अमेरिकेत विकली गेली. तिथल्या धुराच्या नियमांनी ती पुढे ढकलली. काम साधे आहे. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. डबी हवेचा दाब व उष्णता मोजते, इंजिनाचे फेरे मोजते, आत किती हवा शिरली याचा हिशेब करते आणि इंजेक्टर नावाची तोटी तेवढा वेळ उघडते.

आता एक हिशेब करू. दोन लिटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन घ्या. एका सिलिंडरची जागा ५०० घनसेंटीमीटर. ती भरधाव वेगात ऐंशी टक्के भरते असे धरले तर हवा झाली सुमारे ०.४८ ग्रॅम. पूर्ण ताकद घेताना मिश्रण जरा दाट, साडेबारास एक, ठेवावे लागते. म्हणजे पेट्रोल ०.०३८ ग्रॅम. मिनिटाला २४० घनसेंटीमीटर सोडणारी तोटी त्यासाठी सुमारे १३ सहस्रांश सेकंद उघडी राहावी लागते. मिनिटाला ६००० फेरे असताना दोन फेऱ्यांचे एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांत संपते. तेव्हा सात शिल्लक राहतात, ठीक आहे.

आता हौशी गृहस्थ त्यावर टर्बो बसवतात. हवा दुप्पट शिरली की तोटीला २६ सहस्रांश लागतात, आणि आवर्तन तर वीसचेच! पाळी वीसची आणि काम सव्वीसचे, हा तंटा मी जन्मभर ऐकत आलो आहे. इथे तोटी संप करीत नाही, ती अखंड उघडी राहते आणि तरीही पेट्रोल कमी पडते. मिश्रण विरळ होते, सिलिंडरात उष्णता वाढते, ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता उरलेले मिश्रण एकदम भडकते आणि पिस्टनला भोक पडते. असा एक पिस्टन मी हातात घेतला आहे. कोणीतरी विकलेला तयार 'मॅप' त्या पोराने दुसऱ्या गाडीवरून जसाच्या तसा चढवला होता. उसने पैसे घेऊन उभी केलेली गाडी होती ती.

मोठी तोटी बसवली तरी डबीला ते सांगावे लागते. नाहीतर ती जुन्याच वेळेने उघडून दुप्पट पेट्रोल ओतते आणि गाडी जागच्या जागी काळा धूर सोडते. हे सांगणे म्हणजेच ट्यूनिंग. डबीत एक तक्ता असतो: आडवे इंजिनाचे फेरे, उभा हवेचा दाब. सोळा बाय सोळाचा असला तर २५६ घरे. प्रत्येक घरात, त्या स्थितीत सिलिंडर किती भरतो याचा आकडा. धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारा संवेदक बसवून, मिश्रण ठरल्याप्रमाणे येईपर्यंत एकेक घर दुरुस्त करावयाचे. आरंभ मंद चालीपासून. थेट पूर्ण जोरावर जाणे हा उतावळेपणा. ठिणगीचा तक्ता वेगळा असतो. पिस्टन वर पोहोचण्यापूर्वी किती अंश आधी ठिणगी पडावी, ते त्यात लिहिलेले असते. दाब वाढला की ठिणगी उशिरा टाकावी लागते. म्हणून शहाणा माणूस पहिल्यांदा मिश्रण दाट आणि ठिणगी उशिरा ठेवतो, व मग बोटभर पुढे सरकतो.

रस्त्यावरच्या गाडीत हे करू नये. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत-६ ची मानके आहेत, आणि परवानगीवाचून फेरफार करणाऱ्या मालकास दंड व कैदही होऊ शकते. मात्र डबीतली लबाडी हौशी पोरांचीच असते असे समजू नका. खुद्द फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या डबीत अशी अक्कल घातली होती की चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी धूर आवरी. २०१५ साली ते उघडकीस आले. जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ती करामत होती.

परवा गॅरेजात गेलो, तेव्हा मुलाने इंजिनाच्या ठोकळ्यावर एक मायक्रोफोन घट्ट बसवला होता. मिश्रण अवेळी भडकले की धातूवर खडा आपटल्यासारखा आवाज येतो. गोंगाटात तो उघड्या कानाला कळत नाही. हेडफोन म्हाताऱ्या मिस्त्रींच्या कानावर होता. मुलगा ठिणगी एकेक अंश पुढे नेत होता, आणि बाप डोळे मिटून ऐकत होता. तेविसाव्या अंशावर त्यांनी हात वर केला. मुलाने काही न विचारता दोन अंश मागे घेतले.