गद्य आणि हायकू यांच्यामधली मोकळी जागा

१६८९ च्या वसंतात, एदो शहराच्या फुकागावा भागातली आपली राहती झोपडी दुसऱ्याच्या हवाली करून, सोरा या शिष्यासह जपानच्या उत्तरेकडे पायी निघालेल्या मात्सुओ बाशोने त्या प्रवासाचे जे पुस्तक पुढे रचले आणि जे त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७०२ मध्ये, छापले गेले, ते ‘ओकु नो होसोमिचि’ म्हणजे हायबुनाचा, अर्थात मितभाषी गद्य आणि त्यात विसावणारे हायकू अशा मिश्र रचनेचा, सर्वांत विख्यात नमुना होय.

हायबुन शिकू पाहणाऱ्याने मात्र या पुस्तकाबरोबर सोराची रोजनिशीही नजरेखालून घालावी. १९४३ साली ती प्रसिद्ध होऊन दोन्ही मजकुरांची रुजवात पडली, तेव्हा ते जुळेनात: निक्कोच्या पायथ्याशी बाशोने ज्या तिसाव्या तिथीला मुक्काम केल्याचे लिहिले, ती तिथी त्या महिन्यात उगवलीच नव्हती, कारण महिना एकोणतीस दिवसांचा होता, आणि इचिबुरीच्या पथिकाश्रमात शेजारच्या खोलीत उतरलेल्या दोन गणिकांचा जो हृद्य प्रसंग, त्याचा सोराच्या टिपणांत मागमूसही नाही. कोणी याला लबाडी म्हणेल. मी म्हणणार नाही. साखळीकाव्यात पटाईत असलेल्या बाशोला, त्या काव्यात एका टप्प्यावर शृंगाराचा स्वर यावा लागतो, तसा तो प्रवासाच्या ओघातही हवासा वाटला असावा. हायबुनातले गद्य हा पंचनामा नव्हे, रचना आहे. बिवा सरोवराजवळच्या आपल्या कुटीवर १६९० मध्ये लिहिलेल्या छोट्याशा लेखाचे त्याने पुनःपुन्हा खर्डे केले, ते उगीच नव्हे.

खरी कसोटी गद्य संपून हायकू सुरू होतो त्या सांध्यावर लागते. बाशोच्या संप्रदायात दोन कडव्यांना अर्थाने नव्हे तर गंधाने जोडावे असा दंडक होता. तोच येथेही लागू पडतो. समजा, पित्याच्या निधनानंतर वारसनोंदीसाठी तलाठ्याच्या चावडीत गेलेल्या मुलाचे गद्य आहे: दप्तर उघडले, ‘मयत’ असा शेरा पडला, अंगठे उठले, जेवणाची वेळ झाली म्हणून कारकून उठून गेला. यापुढे नवशिका हमखास लिहितो:

वडील गेले
उताऱ्यावर आता
माझेच नाव

हा हायकू नव्हे. वर दिलेल्या तपशिलाची ती खाली मारलेली बेरीज आहे, आणि बेरीज वाचकाने आधीच केलेली असते. त्याऐवजी:

वळीव थांबला
खळ्यातल्या बाजेवर
दोन कैऱ्या

येथे चावडी नाही, पिता नाही, शोकाचे नावही नाही. तरी त्या बाजेवर एरवी कोण पहुडत असे, हे कोणी सांगावे लागत नाही. ऋतूही आपसूक आला. अक्षरे पाच-सात-पाच भरतात की नाही, याचा हिशेब मी फारसा मनावर घेत नाही. जपानी ध्वनिमात्रा आणि आपले अक्षर यांचे माप मुळातच एक नाही. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवल्यापासून तीन ओळींचा कान आपल्याला लाभला आहे. उणीव आहे ती त्या ओळींना शेजार देणाऱ्या संयत गद्याची, कारण आपला ललितनिबंध स्वभावतः बोलका, आणि भावना एकदा शब्दांत आली की दुसऱ्यांदाही तिचे स्वागत करणारा. म्हणून पहिला मसुदा झाला की गद्यातले शेवटचे वाक्य खोडून पाहावे. पुष्कळदा तेच हायकूच्या वाटेत उभे असते.

आणि हायकू सुचलाच नाही तर? ज्याच्या ओढीने बाशो घर सोडून निघाला होता, त्या मात्सुशिमाच्या द्वीपसमूहाचे त्याने गद्यात वैभवशाली वर्णन केले, रात्री निजायला गेलो पण झोप लागेना असे नमूद केले, आणि तेथे सोराचा हायकू घालून स्वतःचा एकही दिला नाही.