खाऱ्या पाण्याच्या लहान मत्स्यपेटींतील पाण्याचा जमाखर्च

समुद्रांतील मासे कांचेच्या पेटींत पाळण्याची विद्या आजची नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें. हल्लीं समुद्री मीठ, पंप व दिवे विकत मिळत असल्यानें समुद्रापासून दूरच्या घरांतही अशी पेटी ठेवतां येते. शेतीच्या मासिकांत हा विषय कशास, असें कोणी विचारील. आमचें उत्तर इतकेंच कीं, जो हिशेब शेतांत चुकल्याचें कित्येक वर्षांनीं कळतें, तोच या पेटींत आठवड्याभरांत डोळ्यांसमोर येतो.

तो हिशेब असा: पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. मिठागराचा सारा धंदा याच नियमावर चालतो. समुद्राच्या पाण्यांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पेटी ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद धरली, तर पातळी एक सेंटिमीटर उतरली कीं १.८ लिटर पाणी खर्चीं पडलें असें समजावें. वाळू व दगड वजा जातां अशा पेटींत निव्वळ पाणी ५० लिटर धरूं. म्हणजे मीठ १,७५० ग्रॅम शिल्लक. त्यांतील ५ लिटर पाणी उडालें, तर मीठ तेवढेंच राहून क्षारता लिटरास ३५ वरून ३९ ग्रॅमांच्या घरांत जाते.

नवखा मनुष्य येथेंच फसतो. पेटी खाऱ्या पाण्याची, म्हणून तूटही खाऱ्या पाण्यानेंच भरावी असें त्यास वाटतें. परंतु ५ लिटर खारें पाणी घातलें कीं १७५ ग्रॅम मीठ नव्यानें जमेस धरावें लागतें. दोन वेळां असें केल्यास पेटींत २,१०० ग्रॅम मीठ, म्हणजे लिटरास ४२ ग्रॅम होतें. पातळी रेघेवर दिसते, पाणीही स्वच्छ दिसतें, आणि जीव मात्र मरूं लागतात. समुद्री मासा खारें पाणी पिऊन जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकीत असतो. क्षारता चढली कीं त्याचें तें कष्ट वाढतात. शंखांसारख्या पुष्कळ समुद्री जीवांस तर ही सोयही नसते. म्हणून उडालेल्या पाण्याची तूट गोड्या पाण्यानेंच भरावी.

पेटी लहान, तितकी काळजी मोठी. एक लिटर पाणी २०० लिटरांतून उडालें तर अर्धा टक्का. २० लिटरांतून उडालें तर पांच टक्के. कोरडी हवा, वारा, उघडें तोंड व दिव्याची उष्णता यांनीं खर्च वाढतो. देशावरच्या उन्हाळ्यांत तो अधिक, कोंकणच्या पावसाळ्यांत कमी. वर कांचेचें झांकण ठेवल्यास तो घटतो. मात्र हवा खेळण्यास फट ठेवावी. पाणी थंड राहावें म्हणून पंखा लावल्यास तें अधिक उडतें, हेंही लक्षांत असावें.

तथापि पाणी उडालें कीं गळालें, हें आधीं ठरविलें पाहिजे. गळतीबरोबर मीठही जातें. ती तूट तितक्याच खारेपणाच्या पाण्यानें भरावी लागते. परीक्षा सोपी आहे. उभ्या बाजूंच्या उघड्या भांड्यांत पेटीचेंच पाणी घेऊन तें पेटीजवळ ठेवावें व दोहोंची उतरण मोजावी. पेटी फारच अधिक उतरली तर गळतीचा संशय धरावा. दुसरी खूण घनतामापकाची. समुद्राच्या पाण्याची घनता २५ अंश उष्णमानास सुमारें १.०२६ असते. पातळी उतरून घनता चढली तर बाष्पीभवन. पातळी उतरूनही घनता जवळजवळ तीच राहिली तर गळती. सांध्यांखालीं पांढरी खार धरली असेल तर वेगळा पुरावा नको. नवी पेटी आधीं साध्या पाण्यानें भरून, खालीं कोरडा कागद घालून, कांहीं दिवस तशीच ठेवावी.

भरण्याचें पाणी कोणतें? आरओ यंत्राचें किंवा ऊर्ध्वपातित पाणी उत्तम. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. विहिरीचें पाणी जिभेस गोडें लागलें तरी त्यांत क्षार असतात, आणि खतें पडणाऱ्या शिवारांत नायट्रेटही असूं शकतें; त्यानें पेटींत शेवाळ माजतें.

रीत अशी ठेवावी. पेटीवर बाहेरून शाईची रेघ मारावी. रोज ठरल्या वेळीं रेघेपर्यंत गोडें पाणी हळूहळू सोडावें. आठवड्याची तूट एकदम भरूं नये. किती घातलें तें तारखेसह वहींत लिहावें. गुरांच्या हौदास असतो तसा तरंगता गोळा लावून हें काम आपोआप होतें. पण तो अडकल्यास पेटी गोडी होऊन जाईल, म्हणून त्याचें भांडें लहानच असावें. बदलावयाचें खारें पाणी मात्र वेगळ्या भांड्यांत, लिटरास ३५ ग्रॅमांच्या सुमारानें मीठ विरघळवून, आदल्या दिवशीं तयार करावें.

नव्या पेटींत मळाचें विष पचविणारे जंतु वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर मासे सोडण्याची घाई न करितां रोजच्या तुटीचा अंदाज घ्यावा. प्रवाळ व समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालीं संरक्षित आहेत. ते किनाऱ्यावरून आणूं नयेत.

आतां शेताकडे पाहूं. कालव्याचें व विहिरीचें पाणी थोडे क्षार घेऊनच येतें. पीक पाणी पितें, ऊन पाणी उडवितें, क्षार जमिनींतच राहतात. नीरेच्या खोऱ्यांत कालव्याखालच्या कांहीं जमिनी निचऱ्याअभावीं अशाच खारवल्या. पेटींत ठराविक मुदतीनें थोडें जुनें पाणी काढून नवें घालतात, तोच तिचा निचरा. शेतांत तें काम चरांनीं करावयाचें असतें. पाणी किती दिलें याची नोंद पुष्कळ शेतकरी ठेवतात. मीठ किती राहिलें याची नोंद ठेवणारे थोडे. ज्यांच्या जमिनी पाटाखालीं आहेत त्यांनीं दर दोनतीन वर्षांनीं माती तपासून ती नोंद करावी, अशी आमची विनंती आहे.